काचेखालची काळी पट्टी

माझं दुसरं लग्न ठरलं तेव्हा आमच्या घरात सगळ्यात जास्त चर्चा झाली ती गाडीच्या खिडक्यांवर. नवरदेवावर नाही, जेवणावळीवर नाही, खिडक्यांवर. महिनाभर ज्याच्या त्याच्या तोंडी तेच. आता आठवलं की हसू येतं, पण तेव्हा मला नुसता वैताग यायचा.

गाडी बाबांची. छोटी, पांढरी, दुसऱ्याने वापरून विकलेली. बाबा जालना एमआयडीसीत सळ्यांच्या मिलमध्ये नोकरीला होते. बदनापूरहून रोज मोटारसायकलवर जायचे, यायचे. नोकरी संपली तेव्हा त्यांनी हौसेनं ही गाडी घेतली आणि अंगणात लावली. आमच्या अंगणात झाड नाही. त्यामुळे गाडी वापरली जायची कमी आणि उन्हात तापायची जास्त. पत्र्याला काही झालं नाही, बाबा तिला रोज सकाळी पुसायचेच. खराब झाल्या त्या पट्ट्या.

प्रत्येक काचेच्या खाली आणि कडेनं एक काळी रबरी पट्टी असते. काच खालीवर होताना ती पाणी, धूळ पुसून काढते. आम्ही तिला नुसतं पट्टी म्हणायचो, दुकानात गेल्यावर कळलं की तिला बीडिंग म्हणतात. नव्या गाडीत ती कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. आमच्या गाडीची पट्टी राखाडी झाली होती, कुठं कुठं पांढुरकी, आणि थंडीत ओठ फुटतात तशा तिला बारीक चिरा पडल्या होत्या. बोट फिरवलं तर बोटाला भुकटी लागायची. चष्मा विसरून बघितलं तर गाडी ठीकच दिसायची, असं बाबांचं म्हणणं.

विषय निघाला तो होणाऱ्या सासूबाईंच्या फोनमुळे. त्यांचं घर वाटूरजवळ. नवरदेव तिथल्याच एका शाळेत शिक्षक, पहिली बायको आजारपणात गेलेली. लग्न त्यांच्याकडंच, वाटूर फाट्याजवळच्या कार्यालयात होणार होतं. सासूबाई आईला म्हणाल्या, "आमची मोठी गाडी पाठवून देतो, लेकरू आरामात येईल." आई लगेच हो म्हणणार तेवढ्यात बाबा मागून बोलले, "त्यांना म्हणावं, आमची हाय गाडी. मी घेऊन येतो."

फोन ठेवल्यावर आई म्हणाली, "त्या गाडीच्या खिडक्या पाह्यल्या का? पांढऱ्याफटक पडल्यात. लग्नाच्या दारात असली गाडी नेऊन उभी करायची?"

"पट्टीचंच हाय न? पट्टी काळी करू," बाबा म्हणाले.

खरं कारण पट्टी नव्हतं, आणि हे घरात प्रत्येकाला ठाऊक होतं. माझं पहिलं लग्न नांदेडकडं झालं. त्या वेळी बाबांनी फुलांनी मढवलेली मोठी गाडी भाड्यानं केली होती. पुढं मी परत आले ती या पांढऱ्या गाडीतून. का आले हा इथं विषय नाही, आणि असता तरी सांगितलं नसतं. बाबा एकटे न्यायला आले, माझी बॅग आणि शिलाई मशीन मागच्या सीटवर ठेवलं आणि नांदेड ते बदनापूर एका शब्दानं काही विचारलं नाही. परभणी मागं पडल्यावर फक्त म्हणाले, "चहा घेतीस का?" मी नको म्हटलं. थोड्या वेळानं त्यांनी तरीही गाडी थांबवली आणि दोन चहा आणले.

तर आईला मी त्याच गाडीतून पुन्हा सासरी जायला नको होतं. जिच्यातून लेक परत आली तिच्यातूनच तिला पाठवायचं, हे तिच्या मनाला पटत नव्हतं. पण बोलायची सोय नव्हती. आम्ही आजोबांच्या काळापासून बौद्ध. आमच्या घरात मुहूर्त बघत नाहीत, मांजर आडवं गेलं म्हणून कुणी थांबत नाही, दाराला लिंबू-मिरची तर कधी लागलीच नाही. आजोबांनी हे सगळं घराबाहेर काढलं होतं आणि बाबांनी ते पुन्हा आत येऊ दिलं नाही. अशा घरात अपशकुन हा शब्द आई कोणत्या तोंडानं काढणार? म्हणून ती पट्टीबद्दल बोलायची. आणि बाबांनाही सगळं कळत असून ते पट्टीबद्दलच उत्तर द्यायचे.

बाबांना काय हवं होतं तेही मला माहीत होतं. मला परत त्यांनी आणलं होतं, आता पोचवायलाही त्यांनाच जायचं होतं. आपली लेक आपण सन्मानानं, आपल्या गाडीतून नेऊन सोडली, एवढं त्यांना एकदा करून बघायचं होतं. मला स्वतःला विचाराल, तर मला कुठल्याच गाडीतून जायची घाई नव्हती. मी बियाण्याच्या कंपनीत उगवण तपासायचं काम करत होते, पगार बरा होता, आणि लग्नाशिवाय राहायची मला सवय झाली होती. माणूस चांगला वाटला म्हणून हो म्हटलं होतं. पण चांगला तर पहिलाही वाटला होता.

पट्टीवरचा पहिला इलाज खोबरेल तेल. बाबांनी फडक्यानं चोळून चोळून लावलं. पट्टी खरंच काळी झाली, नव्यासारखी. बाबा खूश. दुसऱ्या दिवशी दुपारी वावटळ उठली, आणि तेलावर अशी धूळ बसली की पट्टीला पीठ लावून तळायला घेतलंय असं वाटावं. आईनं ते बघितलं. नुसती गाडीभोवती एक फेरी मारून आत गेली, ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

मग धाकट्या भावानं मोबाइलवर एक व्हिडिओ शोधून काढला. त्यात कुणीतरी गरम हवेच्या यंत्रानं पट्टी तापवत होता आणि आतला काळेपणा वर येत होता. "ताई, बघ, काहीच लावायचं न्हाई, फक्त गरम करायचं," भाऊ म्हणाला. आमच्याकडं ते यंत्र नव्हतं, म्हणून त्यानं गॅस पेटवायचा लायटर घेतला. मागच्या दाराच्या कोपऱ्यात पट्टी आधी चमकली, मग तिला सुरकुती पडली, मग वास आला. बाबांनी त्याच्या हातातून लायटर काढून घेतला आणि त्याला जालन्याला दुसऱ्या कामाला पिटाळलं.

बदलायचं म्हटलं तर तेही झालं नाही. जालन्याच्या दुकानदारानं गाडी बघूनच सांगितलं, "काका, हे मॉडेल बंद झालं. मागवून घ्यावं लागंल." मागवलं. आलेल्या पट्ट्या बाबांनी दाराला लावून बघितल्या तर वीतभर लांब. कापून बसवू म्हणाले, पण त्यांची खालची खाचही वेगळी होती, त्या बसेचनात. दुकानदारानं परत मागवायची तयारी दाखवली. लग्न तोपर्यंत अगदी तोंडावर आलं होतं.

त्या संध्याकाळी बाबा ओट्यावर त्या पट्ट्या गुंडाळत बसले होते. मग एकदम उठून म्हणाले, "आपण येड्यासारखं करून राह्यलो. ब्लॅक जपान लावू."

ब्लॅक जपान म्हणजे डांबरासारखा काळा, चकचकीत रंग. लोखंडी फाटकं, पाइप, शटर यांना लावतात. बाबांच्या मिलचं फाटक त्यानंच रंगवलेलं होतं. बाबा त्या रंगाबद्दल असं बोलायचे की जणू त्यांनीच तो शोधून काढलाय. "मिलचं गेट पाह्यलं का तू? किती पावसाळे खाल्ले त्यानं, रंग हालला का? बिलकुल न्हाई."

"ते लोखंड आहे बाबा," मी म्हटलं. "हे रबर आहे."

"रंग तो रंग. सांजच्याला लावला की सकाळच्या ड्यूटीला खटखटीत वाळतो."

ज्यानं जन्म लोखंडात काढला त्याला रबर समजावून सांगणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं. मी नाद सोडला. बाबांनी मात्र काम बघत राहावं असं केलं. पत्र्याला डाग लागू नये म्हणून पट्टीच्या दोन्ही बाजूंनी वर्तमानपत्र आणि चिकटपट्टी लावली. बारीक ब्रश आणला. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि जीभ थोडी बाहेर, असे ते दारामागून दार करत चालले. धूळ बसू नये म्हणून गाडी शेजाऱ्यांच्या बंद शेडमध्ये नेऊन ठेवली. लग्नाच्या दिवसापर्यंत तिला ऊन दाखवलं नाही, काच खाली केली नाही, कुणाला हात लावू दिला नाही. नेमकी हीच काळजी पुढं अंगलट आली.

लग्नाच्या आदल्या सकाळी त्यांनी आईला शेडमध्ये बोलावलं. मीही गेले. गाडी खरोखर सुरेख दिसत होती. पांढऱ्या पत्र्यावर काळ्याभोर रेघा, काजळ घातल्यासारख्या. बाबांनी एका जागी बोट टेकवून दाखवलं, बोटाला काही लागलं नाही. "आता सांग," ते म्हणाले.

आईनं पट्टी बघितली. मग बाबांकडं बघितलं. आता पट्टीचा आडोसा उरला नव्हता.

"ती याच गाडीतून वापस आल्ती," आई म्हणाली. एवढंच बोलली आणि रडायला लागली.

मला वाटलं बाबा आता चिडणार, आजोबांचं नाव काढणार, आपण हे मानत नाही म्हणून सुनावणार. त्यांनी तसं काही केलं नाही. ब्रशचा डबा खाली ठेवला आणि म्हणाले, "म्हणूनच तिला याच्यातून न्यायची हाय. त्या दिवशी ही गाडी गेल्ती म्हणून ती घरी आली. फुलांची गाडी सोडून चालली गेल्ती, ती आली व्हती का मागं?"

आईनं पदरानं डोळे पुसले. पटलं की नाही ते कळलं नाही. पण त्या दिवशी तिनं पुन्हा पट्टीचं नाव काढलं नाही.

लग्नाच्या दिवशी आमची मंडळी भाऊ सांभाळणार होता, ती सगळी बसमध्ये. गाडीत आम्ही तिघंच. नवरीनं मागं बसायचं असतं म्हणतात, पण मागं आई, तिच्या शेजारी लाडवांचे डबे आणि डब्यांच्या वर माझी सूटकेस, म्हणून मी पुढं बसले. अंगावर पांढरी शुभ्र साडी, बारीक निळ्या काठाची. आमच्यात नवरीची साडी पांढरीच असते. गाडीचा एसी आधीच मेलेला. मे महिन्याचं ऊन सकाळीच चढलं होतं. जालना ओलांडलं आणि मी काच खाली केली, कोपर खिडकीवर टेकवलं आणि डाव्या खांद्यावरचा पदर त्याच हातावर सोडला.

रस्ता मोकळा होता. दोन्ही बाजूंनी नांगरून टाकलेली काळी रानं, मधेच एखादी मोसंबीची बाग. बाबा गाडी हळू आणि ताठ बसून चालवत होते, धुतलेला पांढरा शर्ट, खिशाला पेन. त्यांना खूप बरं वाटत होतं हे त्यांच्या मानेवरूनच कळत होतं. मी मात्र घाबरले होते. हाताला काहीतरी चिकटतंय असं वाटलं, पण मला वाटलं घाम असेल.

वाटूर थोडंसं राहिलं तेव्हा बाबांनी पाण्यासाठी एका झाडाखाली गाडी थांबवली. मी उतरले, आणि मागून आईचा आवाज आला, "अगं, हे काय!"

कोपरापासून मनगटापर्यंत हाताला काळा पट्टा. ब्लाउजच्या बाहीला काळा पट्टा. आणि पदरावर, जिथं जिथं तो खिडकीवर घासला होता तिथं तिथं, रुंद, चिकट, डांबराचे ओरखडे. काचेवरही उभ्या काळ्या रेघा आल्या होत्या. शेडच्या गारव्यात रंग वाळल्यासारखा वाटला होता एवढंच. रबरावर तो वाळलाच नव्हता, आणि उन्हात पुन्हा पातळ झाला होता.

बाबांनी डिकीतून फडकं आणि पेट्रोलची बाटली काढली, फडकं भिजवलं आणि मी नको नको म्हणेपर्यंत पदरावर घासलं. रेघेचा ढग झाला. ते तिथंच थांबले. फडकं हातात तसंच. मग मागं सरकत जाऊन रस्त्याकडेच्या मोरीच्या कठड्यावर बसले, धुतलेल्या पँटचा विचार न करता.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "त्यांना फोन कर, माय. त्यांची गाडी येऊ दे. इथून पुढं त्यांच्या गाडीत जा तू. मी मागून येतो."

मी बाबांना मिलमधून भाजलेल्या हातानं घरी येताना बघितलंय, आजोबा गेले तेव्हा बघितलंय. एवढा लहान झालेला चेहरा मी तोवर बघितला नव्हता. मला त्या साडीचं काही वाटलं नाही. बाबांचं मात्र फार वाईट वाटलं. आणि भीतीही वाटली, कारण आता आई बोलणार होती. तिच्या मनातलं सगळं खरं ठरलं होतं, आणि हे तिनं बोलून दाखवलं असतं तर बाबांनी पुन्हा त्या गाडीला हात लावला नसता.

आई मोरीपाशी गेली. "उठा," ती म्हणाली. "इथवर तुम्ही आणलं न? मंग पुढं बी तुम्हीच न्या. जल्दी उठा, लोक वाट बघून राह्यले."

मग ती माझ्याकडं वळली. तिनं माझा पदर सोडला, उलटा घेतला, डाग आतल्या निऱ्यांमध्ये दाबून पिना लावल्या. एक डाग तरीही बाहेर राहिलाच, खांद्यापाशी. बाही तर झाकता येणारच नव्हती. हाताला तिनं लाडवाच्या डब्यावरचं तूप चोळलं, त्यानं थोडा रंग निघाला. काम करताना ती पिना तोंडात धरून होती, म्हणून बोलता येत नव्हतं. बाबांकडं पाठ करून ती उभी होती.

कार्यालयाच्या दारात सासूबाई पुढं आल्या. माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघून म्हणाल्या, "अगं बाई, हे काय लागलं?"

"गाडीच्या पट्टीचा रंग," आई म्हणाली. "ह्यांनी स्वतः लावला व्हता." असं ठणकावून म्हणाली की सासूबाई वाट सोडून बाजूला झाल्या.

लग्न लागलं. मेणबत्त्या पेटल्या, वंदना झाली, आम्ही फुलं वाहिली. माझ्या अंगाला पेट्रोलचा आणि तुपाचा वास येत होता आणि शेजारी उभ्या असलेल्या नवरदेवाला तो येत असणारच. त्यांनी एकदाच हळूच विचारलं, "चक्कर येतेय का तुम्हाला?" मी नाही म्हटलं. फोटोग्राफर मला सारखा उजवा खांदा पुढं करायला सांगत होता. तरी तो खांद्यावरचा डाग सगळ्या फोटोंत आहे.

बाबा पहिल्या रांगेत बसले होते. हात मांडीखाली दाबून, म्हणजे काळी बोटं दिसू नयेत. नंतर बोलावलं तेव्हा पुढं आले, आम्हाला आशीर्वाद दिला, आणि पुन्हा जाऊन तसेच बसले.

उन्हं कलल्यावर पाहुणे पांगले. आमची बस गेली. मंडपवाले खुर्च्या एकावर एक रचायला लागले, तरी बाबांची गाडी आवारातच. आई मागच्या सीटवर बसली होती. बाबा पुढं, दार उघडं ठेवून, एक पाय बाहेर. मी जवळ गेले.

"बाबा, उजेडात निघा. घाई करू नका रस्त्यानं."

"हो," ते म्हणाले. पण हलले नाहीत. समोर बघत राहिले. मग माझ्याकडं न बघताच त्यांनी विचारलं, "मंग, निघू मी?"

नांदेडला पहिल्या लग्नात त्यांनी हे विचारलं नव्हतं. तिथं सगळं रीतीप्रमाणं झालं होतं आणि ते रीतीप्रमाणं निघून गेले होते. आता ते विचारत होते, आणि मी काय सांगेन त्याप्रमाणं वागणार होते. मी नुसतं पलीकडचं दार उघडलं असतं तरी त्यांनी एक शब्द न विचारता गाडी सुरू केली असती, हे मला माहीत होतं. आईलाही माहीत होतं, कारण तिनं मान दुसरीकडं वळवली होती. खोटं कशाला सांगू, ते दार मला उघडावंसं वाटलं. मागं कार्यालयाच्या पायरीवर नवरदेव उभे होते, माझी सूटकेस हातात घेऊन, मला बोलवत नव्हते, नुसते थांबले होते.

"निघा बाबा," मी म्हटलं. "मी राहते."